शाळा सोडण्याचे कारण : साताऱ्याच्या माध्यमिक शाळा आणि त्यांचा स्वभाव

साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी १९७८ पासून २०१३ पर्यंत लिपिक होतो. त्या ३५ वर्षांत माझ्या हातून सर्वांत अधिक वेळा उघडली-मिटली गेलेली वस्तू म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. कापडी पुठ्ठ्याच्या, टेबलभर पसरणाऱ्या या वहीत शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाची एक आडवी ओळ असते: दाखल क्रमांक, संपूर्ण नाव, धर्म व जात, जन्मठिकाण, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, मागची शाळा, प्रवेशाचा दिनांक. पानाच्या पार उजव्या टोकाला एक रकाना असतो, त्याचे नाव 'शाळा सोडण्याचे कारण'. दाखला हातात पडला की पालक जन्मतारीख आणि जात तपासून पाहतात, या रकान्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

शाळेचा इतिहास लिहायचा म्हटले की आपल्याकडे संस्थापकांचे चरित्र, इमारतीचा पायाभरणी समारंभ, निकालाची टक्केवारी आणि नाव काढलेले माजी विद्यार्थी एवढे सांगून लेखणी खाली ठेवली जाते. ते सारे असावेच. पण सर्वांसाठी म्हणून उघडलेली शाळा खरोखर सर्वांची होती का, हे मला या वहीच्या दोन टोकांवरून अधिक स्पष्ट दिसत आले आहे. डाव्या टोकाला कोण आत आले ते कळते आणि उजव्या टोकाला कोण कशामुळे बाहेर पडले ते कळते. या दोन टोकांच्या मधली वर्षे मूल कुठे बसले, काय जेवले, त्याला कोणी हाक मारली, हे मात्र वहीत नसते, ते आठवणींतूनच गोळा करावे लागते. त्यासाठीच हा धागा काढत आहे.

आपल्या जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध नोंद साताऱ्याच्या राजवाड्यातील शाळेची, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलची आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल क्रमांक १९१४ समोर 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लिहिले गेले. इंग्रजी पहिली म्हणजे आजची पाचवी. राज्य शासनाने २०१७ मध्ये ७ नोव्हेंबर हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून जाहीर केला, तो या नोंदीमुळेच. रजिस्टर सांभाळणारा माणूस म्हणून मला या गोष्टीचा मनापासून अभिमान वाटतो, कारण एका लिपिकाने त्या दिवशी दौतीत टाक बुडवून लिहिलेली ही एक साधी ओळ आहे आणि तिच्यापुढे आज लोक हात जोडतात.

पण ती ओळ तेवढीच सांगते, जेवढे रजिस्टर सांगू शकते. वर्गात त्या मुलाला इतरांच्या ओळीत जागा नव्हती. तो एका कोपऱ्यात गोणपाटावर बसत असे, शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे आणि म्हणून ते संध्याकाळी घरी न्यावे लागे व दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. तहान लागली तर नळ सोडण्यासाठी शिपाई हवा. शिपाई नसेल तर पाणी नाही. डॉ. आंबेडकरांनी हे पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. सरकारी शाळेचा दरवाजा कायद्याने उघडा होता, नाव नोंदले गेले होते, आणि तरीही ते मूल पूर्णपणे आत आलेले नव्हते. पाचवीतल्या मुलाने रोज संध्याकाळी आपली बसण्याची जागा गुंडाळून काखेत मारून घरी न्यायची, हे चित्र मी नोकरीत असताना प्रत्येक जूनमध्ये, नव्या प्रवेशांच्या वेळी आठवत असे.

साताऱ्याच्याच मातीत या प्रश्नाला दुसरे उत्तर दिले गेले ते कर्मवीर भाऊराव पाटलांकडून. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, १९२४ मध्ये कार्य साताऱ्यात आले, धनिणीच्या बागेत सर्व जातीधर्मांच्या मुलांचे वसतिगृह उभे राहिले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असे नामकरण झाले. माध्यमिक शाळा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९४० मध्ये आली: महाराजा सयाजीराव हायस्कूल, मोफत आणि निवासी, 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर चालणारे. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी मुलांची एकत्र झोपण्याजेवण्याची सोय झाली, आणि मग वर्ग भरला. शेजारी बसून एकाच भांड्यातली भाकरी-आमटी खाल्लेल्या मुलांना वर्गात वेगळे बसवण्याचा प्रश्नच उरत नाही.

फीचेही तसेच. त्या काळच्या हायस्कुलांत गरीब, हुशार मुलाला 'नादारी' मिळत असे, म्हणजे फी माफ होत असे. परंतु नादारी हा शब्दच मुलाला दरवर्षी आठवण करून देत असे की तू कोणाच्या तरी मेहेरबानीने येथे बसला आहेस. धनिणीच्या बागेतल्या मुलाने शेतात, विहिरीवर, रस्त्याच्या कामावर श्रम केलेले असत, त्यामुळे तो कोणाचा मिंधा नव्हता. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचे बोधवाक्य या अर्थाने शब्दशः खरे होते. स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये बहुउद्देशीय माध्यमिक शाळांची शिफारस केली, शास्त्र, तंत्र, वाणिज्य, शेती, ललित कला, गृहशास्त्र असे प्रवाह एकाच शाळेत असावेत असे सांगितले; शेती आणि हातकाम यांना शाळेत मानाची जागा देण्याचा हा विचार साताऱ्यात त्याआधीच मातीत रुजलेला होता.

आता माझ्या शाळेविषयी. तिचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात माझीही चूक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या पंचक्रोशीत प्रत्येक वाडीवरचा एखादा तरी माणूस गिरणीत होता. त्या वर्षी जून-जुलैमध्ये रजिस्टरच्या 'मागची शाळा' या रकान्यात मी एकामागून एक लालबाग, परळ, डिलाईल रोड येथील शाळांची नावे लिहिली. ही मुले गणवेशाऐवजी मुंबईचेच कपडे घालून येत आणि मधल्या सुट्टीत एकमेकांच्याच घोळक्यात उभी राहत. आमच्या शाळेत तेव्हा तुकड्या गुणांवर पाडल्या जात. ही मुले उशिरा आली, मागची गुणपत्रके वेळेवर मिळाली नाहीत, म्हणून ती सरसकट शेवटच्या तुकडीत गेली आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांतली बरीच गळाली. उजव्या टोकाच्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने लिहिले: 'सतत गैरहजर'. खरे कारण मला ठाऊक होते. ती मुले वीटभट्टीवर, ऊसतोडीला, कोणी पोवई नाक्यावरच्या हॉटेलात कपबशा विसळायला गेली होती. नियमाप्रमाणे माझी नोंद बरोबर होती, आणि तरीही त्या दोन शब्दांनी सारा दोष मुलांच्या नावावर टाकला, हे मला आजही डाचते.

आपापल्या शाळेत मुले कुठे बसत, तुकड्या कशा पडत, कोण का गळाले आणि कोणामुळे टिकले, हे सातारा-सांगलीकडच्या सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : वाळवेकर

धागा वाचून वडिलांची फार आठवण झाली. ते वाळवा तालुक्यातले. आमचा सांगली जिल्हा १९४९ पर्यंत साताऱ्याचाच भाग होता, नंतर 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले, त्यामुळे त्या पिढीला शिकायला साताऱ्याला जाणे म्हणजे परमुलखात जाणे वाटत नसे. शिवाय भाऊरावांचे वसतिगृहाचे पहिले प्रयत्न आमच्याकडे, दूधगावला झाले होते, याचाही आमच्या भागात अभिमान आहे.

वडील चाळिशीच्या दशकाच्या शेवटी सयाजीराव हायस्कुलात होते. त्यांच्या सांगण्यात पुस्तकांपेक्षा कामाचे वर्णन अधिक असे. पहाटेचे काम भाजीच्या वाफ्यांना पाणी देण्याचे. दंड फोडून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचे, बांध फुटला तर हातानेच चिखल लिंपायचा, आणि मग हातपाय धुऊन वर्गात जायचे. ते सांगत, की वर्गात पाटी धरली तरी नखांतला चिखल गेलेला नसे, आणि गुरुजींच्याही नखांत तो असे. जेवणात वाढप्याची पाळी सर्वांना येई. आमच्या आजीला गावी हे कळले तेव्हा ती रागावली होती, की माझ्या मुलाने कोणाकोणाला वाढायचे. सुट्टीत घरी आल्यावर वडिलांनी तिला एवढेच सांगितले, की मला तरी तिथे कोणकोण वाढते हे तू विचारले नाहीस. पुढे वडिलांच्या सोबतची तीन मुले, निरनिराळ्या जातींची, आमच्या घरी दिवाळीला येऊन राहिली आणि आजीने त्यांच्यासाठी चुलीवर पाणी तापवले. हा बदल कोणत्याही पाठ्यपुस्तकाने झाला नसता.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा उल्लेख आपण केला नाही, तो येथे करतो. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी या माउलीने अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले, आणि १९३० मध्येच त्या गेल्या. पुढे उभे राहिलेले हायस्कूल पाहायला त्या नव्हत्या. संस्थेच्या इतिहासाचे पहिले पान मी त्यांच्या नावाने लिहीन.

प्रतिसाद : माणदेशी मास्तर

धागाकर्त्यांची तळमळ मनाला भिडली, परंतु तुकड्यांविषयी थोडा वेगळा अनुभव नोंदवणे माझे कर्तव्य आहे. मी २९ वर्षे गणित शिकवले, त्यांतली बहुतेक शेवटच्या तुकडीला. आमच्या दुष्काळी भागातून आठवीत येणाऱ्या मुलाला अनेकदा अपूर्णांकांची बेरीज येत नसे, कारण प्राथमिक शाळेत असताना त्याचे निम्मे वर्ष आई-वडिलांबरोबर साखर कारखान्याच्या तळावर गेलेले असे. अशा मुलाला हुशार मुलांच्या वर्गात बसवून बीजगणित सुरू केले तर तो पहिल्या आठवड्यात मान खाली घालतो आणि मग ती वर्षभर वर येत नाही. वेगळ्या तुकडीत मला भाकरीचे चार तुकडे करून पाव आणि अर्धा यांपासून सुरुवात करता येत असे. मुले हसत, बोलत, चुकत आणि शिकत.

मात्र यात एक अट आहे, आणि ती बहुतेक शाळा पाळत नाहीत. शेवटच्या तुकडीला सर्वांत अनुभवी शिक्षक हवा, वर्गसंख्या कमी हवी, आणि तयारी झालेले मूल वर्षाच्या मध्यातही वरच्या तुकडीत जाऊ शकले पाहिजे. प्रत्यक्षात पहिल्या तुकडीला मुख्याध्यापक स्वतः इंग्रजी शिकवतात, आणि शेवटच्या तुकडीत नवा शिक्षक, सत्तर मुले व मोडके बाक असतात. तेव्हा तुकडी ही पायरी न राहता गोणपाट होते. धागाकर्त्यांनी वर सांगितलेल्या त्या गोणपाटाशी मी विचारपूर्वक तुलना करतो आहे. दोन्हींतला अन्याय सारखा नाही हे मला मान्य आहे, पण आपली जागा कुठे आहे हे मुलाला दोन्हींतून रोज कळते.

आपल्याच साताऱ्यात २३ जून १९६१ रोजी देशातली पहिली सैनिकी शाळा सुरू झाली. तिचे काम निवड करून घेण्याचे आहे आणि ते तिने उत्तम केले. निवड करणाऱ्या शाळेला तिच्या निकालावरून जोखावे, हे योग्यच. परंतु येईल त्या मुलाला घेणाऱ्या शाळेची गुणवत्ता यादीत किती मुले आली एवढ्यावरून परीक्षा करणे हा अन्याय आहे. आठवीत पाढे न येणारा मुलगा दहावीला गणितात ३५ गुण मिळवून पुढे आय.टी.आय.ला जातो, त्यामागे एका शिक्षकाची तीन वर्षे असतात आणि ती कोणत्याही फलकावर लिहिली जात नाहीत.

प्रतिसाद : जावळीची लेक

मी मेढ्याच्या पलीकडच्या एका वाडीतली. १९९९ मध्ये सातवी झाल्यावर माझी शाळा थांबणार होती. आमच्या वाडीत सातवीपर्यंतच शाळा होती, आणि पुढची शाळा नऊ किलोमीटरवर. घरी कोणी वाईट नव्हते. धाकटा भाऊ लहान, आई शेतात, आणि मुलीने एस.टी.ने एकटीने जायचे याची भीती. रजिस्टरच्या भाषेत माझे कारण 'घरगुती अडचण' असे लिहिले गेले असते.

हायस्कूलमधील एक बाई आमच्या वाडीवर चालत आल्या. त्यांनी घरी शिक्षणाच्या महत्त्वावर एक शब्दही काढला नाही. आईला विचारले, की गाडी किती वाजता येते, स्टॉपवर कोण असते, वाडीतून आणखी कोणत्या मुली येऊ शकतील. अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासाचा अर्ज त्यांनी सोबत आणला होता. चार मुली एकत्र जातील, संध्याकाळच्या गाडीत त्या स्वतः मुलींना बसवून देतील आणि गाडी चुकली तर त्यांच्या घरी मुक्काम होईल, असे ठरवूनच त्या उठल्या. पावसाळ्यात दोनदा तसा मुक्काम झाला. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा टेबलावर वही ठेवून अभ्यास केला.

आम्हा चौघींपैकी तिघी दहावी झालो. चौथीचे नववीत लग्न झाले. लिपिककाका, तिच्या ओळीपुढे काय लिहिले गेले असेल, हे आपला लेख वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

प्रतिसाद : कराडकर

यशवंतराव चव्हाण शिकले ते कराडचे टिळक हायस्कूल, बापूजी साळुंखे यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेली स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था, आणि गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा कर्मवीरांचा संकल्प, यांविषयीही येथे लिहिले जावे. खेड्यात हायस्कूल आले म्हणजे नेमके काय बदलले, तर मुलगा शिकण्यासाठी गाव सोडायचा थांबला आणि रोज संध्याकाळी घरी परत येऊ लागला. माझ्या मते मुलींना खरा फायदा याच गोष्टीने झाला, कारण शाहू बोर्डिंगसारखी सोय त्या पिढीत मुलींच्या वाट्याला फारशी येत नव्हती.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. वाळवेकर, लक्ष्मीबाईंचे नाव माझ्या लेखात नव्हते ही गंभीर उणीव होती, आपण ती भरून काढली. मास्तर, वेगळ्या तुकडीची आपली अट मला मान्य आहे. माझ्या शाळेत ती पाळली गेली असती तर मुंबईहून आलेली ती मुले कदाचित टिकली असती. जावळीच्या ताई, आपल्या मैत्रिणीच्या ओळीपुढे बहुधा 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहिले असेल. आमच्याकडे तशी पद्धत होती. लग्न हे कारण अल्पवयीन मुलीच्या नावापुढे कोणी लिहीत नसे.

संपाच्या वर्षी आलेल्या मुलांपैकी एकाविषयी सांगायचे राहिले. तो आठवीत, लालबागच्या शाळेतून आला होता आणि १९८३ मध्ये गेला. जून २००७ मध्ये तो आपल्या मुलीला पाचवीत घालण्यासाठी आला आणि ओळख पटल्यावर म्हणाला, की माझे काय लिहिले आहे ते मला पाहायचे आहे. मी जुने रजिस्टर काढले. कडा कुरतडलेल्या होत्या, शाई तपकिरी झाली होती. त्याने बोटाने ओळ धरून ती शेवटपर्यंत वाचली, 'सतत गैरहजर' हे शब्द माझ्याच अक्षरात होते. मी त्याची क्षमा मागितली. रजिस्टरमधली जुनी नोंद लिपिकाला बदलता येत नाही, तसे केले तर तो गुन्हा ठरतो, हेही मी त्याला समजावून सांगितले. तो म्हणाला, "असू द्या काका, गैरहजर तर होतोच. पण तेव्हा कोणी घरी विचारायला आले असते, तर बरे झाले असते."

त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंतची सहा वर्षे मी वेगळी शंभर पानी वही ठेवली. सलग आठ दिवस न आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव तिच्यात लिहायचे आणि शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर शिपायाला बरोबर घेऊन त्याच्या घरी जायचे. लिपिकाचे हे काम नाही असे काहींनी म्हटले, मुख्याध्यापकांनी मात्र शाळेची सायकल दिली. सगळी मुले परत आली नाहीत. ज्यांना परत आणता आले नाही त्यांच्यापुढे मी कारण जसे होते तसे लिहू लागलो: 'ऊसतोडीसाठी स्थलांतर', 'वडिलांचे आजारपण, घर चालवण्यासाठी कामावर', आणि दोन मुलींपुढे 'विवाह'. त्या दोन नोंदींवरून मला खुलासा द्यावा लागला, आणि तो मी दिला.

जून २०१३ मध्ये, माझ्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात, त्या लालबागच्या मुलाची मुलगी दहावीचा दाखला न्यायला आली. तिच्या ओळीच्या उजव्या टोकाला मी लिहिले: 'माध्यमिक शालान्त परीक्षा उत्तीर्ण, पुढील शिक्षणासाठी'. दाखला घेताना तिने जन्मतारीख तपासली, जात तपासली, आणि मग वडिलांनी सांगून ठेवले होते म्हणून तो शेवटचा रकानाही वाचला.